मे महिन्यात गावाला किती माणसं झेपतात?

आमच्या गावच्या विहिरीच्या दोराला हातभर अंतरावर एकेक गाठ मारलेली आहे. पोहरा पाण्याला टेकला की किती गाठी आत गेल्या ते मोजायचं. गणपतीत तीन, शिमग्याला सहा, मेच्या अखेरीला नऊ. विहिरीवर पंप बसून वीस वर्षं होत आली, पण काका अजून मे महिन्यात रोज सकाळी पोहरा सोडतात आणि घरात येऊन नुसता आकडा सांगतात. गेल्या मे महिन्यात मी तिथे होतो तेव्हा आकडा होता अकरा. त्याच वेळी चुलतभाऊ पडवीत बसून फोनवर कुणाला तरी सांगत होता, "रूम आहे ना दादा. एसी आहे, गरम पाणी चोवीस तास."

गाव दापोली तालुक्यातलं, समुद्राला लागून. भावाच्या चार खोल्या आहेत, शेजाऱ्याच्या सहा, आणि पलीकडे ज्यांनी बाग विकली त्यांच्या जागेवर तरणतलाव असलेलं एक रिसॉर्ट. एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत सगळं भरलेलं असतं. बाकी वर्षभर शनिवार-रविवार सोडले तर कुत्रंही आडवं येत नाही.

उन्हाळी पर्यटनाने किनाऱ्याची वाट लागते, असं आपण सर्रास म्हणतो. पण नेमकी कशाने लागते? माणसं फार येतात म्हणून, हे उत्तर अर्धवट आहे. तीच माणसं बारा महिन्यांत पांगून आली तर गावाला पत्ताही लागणार नाही. ती येतात पाच-सहा आठवड्यांत, आणि नेमक्या त्या आठवड्यांत, जेव्हा विहिरीचा दोर सगळ्यात लांब सोडावा लागतो. माझ्या मते सगळं दुखणं या एका गोष्टीत आहे.

एवढा पाऊस, तरी टँकर

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा सांगून वर "मे महिन्यात आम्हाला टँकर लागतो" म्हटलं तर तो चेष्टा समजेल. पण हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि सह्याद्रीपासून समुद्र साधारण पन्नास-साठ किलोमीटरवर. उतार तीव्र, नद्या आखूड. वरचा जांभा दगड जाळीदार, त्यात पाणी मुरतं खरं, पण टिकत नाही. झऱ्यांवाटे निघून जातं. दिवाळीनंतर विहिरी उतरायला लागतात आणि मे महिन्यात तळ दिसतो.

शाळांना सुट्टी मिळते ती मे महिन्यात. आंबाही तेव्हाच. तेव्हा मुंबई-पुण्याची माणसं येणार ती त्याच वेळी. यात त्यांचा काही दोष नाही. त्या गर्दीतली निम्मी माणसं तर चाकरमानीच असतात, आपल्याच घरी आलेली. मीही त्यातलाच एक.

आता हिशोब करू. समजा एका गावात कायमची वस्ती चारशे माणसांची. जलजीवन मिशनचं माप दरमाणशी दिवसाला ५५ लिटर. म्हणजे नळयोजना आखायची ती २२ हजार लिटरची. त्याच गावात तीस घरांनी प्रत्येकी चार खोल्या काढल्या, दर खोलीत तीन माणसं आली, तर ३६० पाहुणे. पाहुणा समुद्रात डुंबून येतो, अंगाची वाळू-मीठ घालवायला आंघोळ करतो, संध्याकाळी पुन्हा करतो. खोली रिकामी झाली की चादरी धुवायच्या. दीडशे लिटर धरा, काही जास्त नाही. झाले ५४ हजार. म्हणजे २२ हजारांच्या जागी ७६ हजार लिटर, साडेतीन पट, आणि तेही विहीर अकराव्या गाठीवर असताना. वरचं पाणी टँकरने आणायचं तर दहा हजार लिटरचे पाचाहून जास्त टँकर, रोज.

हे गणित मी धरून चाललेल्या आकड्यांचं आहे. तुमच्या गावाचे आकडे घाला, उत्तर थोडं बदलेल.

यात सरकारी कागदांची एक गंमत आहे. नळयोजना काय, वित्त आयोगाचा निधी काय, गावाच्या वाट्याला जे येतं ते मुख्यतः जनगणनेतली डोकी मोजून. २०११ची जनगणना झाली फेब्रुवारीत. चाकरमानी मुंबईत, पाहुणे आपापल्या ऑफिसात. आणि कोकणातली डोकी तर कमी होत चाललीयत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण झाली, पाहुणे वाढत गेले. आणि ज्या आकड्यावर गावाचे गटार, कचरागाडी, पाणी ठरतं, तो आकडा मात्र खाली उतरत गेला. गावच्या ग्रामसेवकाला याबद्दल विचारलं तर तो हसतो. हसणार नाही तर काय करेल?

मिठाचं गणित

टँकर महाग पडतो म्हणून लोक बोअर मारतात. आणि इथे किनाऱ्यावरच्या पाण्याचा एक नियम आडवा येतो, जो घाटावर लागू नाही.

किनाऱ्यालगत जमिनीखाली दोन पाणी असतात. खाली समुद्राचं खारं, वर पावसाचं मुरलेलं गोडं. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगतं. खारं पाणी गोड्यापेक्षा फार जड नाही, चाळिसाव्या हिश्श्याएवढं. पण या छोट्या फरकाचा परिणाम मोठा होतो. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याचा एक हात साठा असेल, तर त्याच्या दाबाने खाली साधारण चाळीस हात गोडं पाणी टिकून राहतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या अगदी सुरुवातीला युरोपातल्या दोन अभियंत्यांनी वेगवेगळं काम करून हे मांडलं, आणि त्यांच्याच नावांनी, घायबेन-हर्झबर्ग म्हणून, हा नियम आज शिकवला जातो.

आता हेच उलट वाचा. पंपाने वरची पातळी एक हात उतरवली, की खालून खारं पाणी, कागदावर तरी, चाळीस हात वर सरकू पाहतं. प्रत्यक्षात जमिनीचा पोत, खडकाच्या भेगा यामुळे आकडा बदलतो, पण दिशा तीच. खोल बोअर मारून जोरात उपसा केला की खारं पाणी सुळक्यासारखं वर ओढलं जातं. उथळ विहिरीतून पोहऱ्याने काढताना असं होत नव्हतं, कारण वरचंच पाणी हळूहळू काढलं जायचं.

गावात हे आधी माणसांच्या जिभेला कळत नाही, बागेला कळतं. माडाला थोडा खारेपणा चालतो. पोफळीला चालत नाही. रिसॉर्टच्या बोअरच्या बाजूच्या बागेत गेल्या काही वर्षांत पोफळीचे शेंडे पिवळे पडलेले मी पाहिलेत. बाग कुणाची, बोअर कुणाचा, यावर मात्र भांडण झालेलं नाही, कारण बागवाल्याच्या मुलाचीही दोन खोल्यांची तयारी चाललीय.

आणि आत गेलेलं पाणी बाहेरही येतं. गावात भूमिगत गटार नाही, प्रत्येकाची शौचटाकी आणि शोषखड्डा. घरात एक संडास होता तोवर जमीन ते पचवत होती. आता प्रत्येक खोलीला वेगळा संडास-बाथरूम लागतो, नाहीतर पाहुणा खोली पाहूनच परत जातो. जांभ्यातून पाणी जसं लवकर मुरतं तसं मैलापाणीही लवकर झिरपतं, आणि जवळच्या विहिरीला जाऊन मिळतं. विहिरीपासून लांब परसात संडास बांधायची जुनी रीत अडाणीपणाची नव्हती, एवढं तरी आता पटायला हरकत नाही.

मग खोल्या का वाढतात?

कारण त्या परवडतात, निदान पहिल्या माणसाला. हंगाम चाळीस दिवसांचा, त्यातल्या भाड्यात वर्षाचा खर्च काढायचा. भावाच्या चार खोल्या मे महिन्यात रोज भरतात आणि रोज आठ-दहा फोन परत जातात. त्या परत गेलेल्या फोनवरून त्याला वाटतं, अजून दोन खोल्या हव्या होत्या. शेजाऱ्यालाही तेच वाटतं. सगळे मिळून मे महिन्याच्या मापाने बांधतात. मग ऑगस्टमध्ये त्या वाढलेल्या खोल्या रिकाम्या पडतात, बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने असतो. रिकाम्या खोल्या भरायला भाव पाडतात, भाव पाडला की जेवणात हात आखडतो, आणि घरच्या मोदकांच्या नावाने आलेला पाहुणा पनीर मसाला खाऊन जातो.

कामाला माणसंही बाहेरचीच. गावची पोरं मुंबईत. रत्नागिरीच्या आंबाबागांच्या राखणीला नेपाळी माणूस आहे, मच्छीमार बोटींवर नेपाळी खलाशी आहेत, आणि आता हॉटेलच्या भटारखान्यातही. पैसा येतो, पण तो गावात किती फिरतो आणि किती आल्या पावली परत जातो, हे वेगळं विचारायला हवं. किराणा गावातून घेणारी घरगुती खानावळ आणि शहरातून टेम्पो भरून आणणारं रिसॉर्ट, दोन्हींची पावती सारखीच दिसते.

एक थोरलं भावंड

आपण ज्या रस्त्याला लागलोय त्यावर साठ-सत्तर वर्षं पुढे गेलेली एक जागा आहे. स्पेनची बालेआरिक बेटं, त्यातलं सगळ्यात मोठं मायोर्का. एकोणीसशे पन्नास-साठच्या दशकांत विमान, हॉटेल आणि जेवण एकत्र विकण्याची पद्धत युरोपात रुळली, जेट विमानं आली, आणि थंड देशांतली माणसं स्वस्तात ऊन विकत घ्यायला इथे उतरू लागली. किनारा बेफाम बांधकामाने भरून जाण्याला स्पॅनिशमध्ये या बेटांच्याच नावावरून शब्द पडला, बालेआरिसासिओन.

भूमध्य सागरात पावसाचं वेळापत्रक आपल्या उलट. पाऊस हिवाळ्याच्या आगेमागे, उन्हाळा कोरडा ठाक. पण योगायोग तोच: सगळ्यात कमी पाणी आणि सगळ्यात जास्त माणसं एकाच महिन्यात. बेटांवरची वस्ती बारा लाखांच्या आसपास. २०२४ साली पर्यटक आले सुमारे १ कोटी ८७ लाख. ऑगस्टमध्ये तर एकाच दिवशी बेटांवर हजर असलेली माणसं वीस लाखांच्या पुढे गेलेली आहेत. नव्वदच्या दशकात दुष्काळ पडला तेव्हा मायोर्काला मुख्य भूमीवरच्या तारागोनाहून जहाजाने पाणी आणावं लागलं. आपला टँकर चाकांवर, त्यांचा समुद्रावर. पुढे त्यांनी खारं पाणी गोडं करणारे प्रकल्प उभारले. ते श्रीमंत देशाला परवडतात, आणि त्यांनाही वीज भरपूर लागते.

पाण्याचा प्रश्न पैशाने सुटला, पण घराचा सुटला नाही. बेटावरचा फ्लॅट आठवड्याच्या भाड्याने पाहुण्याला दिला तर महिन्याच्या भाडेकरूपेक्षा कितीतरी जास्त मिळतात. मग भाडेकरूला कोण ठेवील? शेजारच्या इबिझा बेटावर हॉटेलांत राबणारी माणसं गाड्यांमध्ये आणि तंबूंत राहतात, शिक्षक आणि परिचारिकांना बदली नको असते कारण राहायला जागाच मिळत नाही. जुलै २०२४ मध्ये पाल्मा शहरात हजारो रहिवासी रस्त्यावर उतरले ते यासाठी.

त्यांनी करून पाहिलेल्या उपायांत मला दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या वाटतात. पहिली, पर्यटक कर. २००२ मध्ये आणला, लगेच पुढच्या वर्षी सरकार बदललं आणि रद्द झाला, २०१६ मध्ये पुन्हा आला. तो दर रात्रीला, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे, आणि हिवाळ्यात पाऊणपट कमी. म्हणजे गर्दीच्या दिवसाची किंमत वेगळी. याने गर्दी घटली का? १ कोटी ८७ लाखांचा आकडा वर दिलाच आहे. एका रात्रीचे चार युरो वाचवायला कुणी सहल रद्द करत नाही. पण गावाच्या खिशात पैसे आले, आणि ते पाणी-जमिनीच्या कामाला लावता आले. दुसरी, पाल्मा बंदराचा नियम: २०२२ पासून दिवसाला जास्तीत जास्त तीन क्रूझ जहाजं. हा नियम माणसं किती यापेक्षा एका दिवशी किती, हे पाहतो. मला तो जास्त शहाणपणाचा वाटतो.

आणखी एक गोष्ट तिथली, आपल्याला अगदी जवळची. तिथल्या समुद्रात पॉसिडोनिया नावाचं गवत उगवतं. त्याची वाळलेली पानं हिवाळ्यात किनाऱ्यावर ढिगाने येऊन पडतात. पर्यटकाला ती घाण वाटते, म्हणून हॉटेलवाले ती उचलून टाकत. पण लाटांचा मार तेच ढीग झेलतात. ते काढले की वाळूच जाते. आपल्याकडे मर्यादवेल आहे. भरतीच्या रेषेच्या वर पसरणारी, जांभळ्या फुलांची, वाळू धरून ठेवणारी. नावातच तिचं काम सांगितलंय. आमच्या किनाऱ्यावर रिसॉर्टच्या समोरची मर्यादवेल काढून तिथे खुर्च्या मांडल्यात. "सी व्ह्यू" मोकळा हवा ना.

वाळूतली गाडी

दापोली-गुहागरच्या किनाऱ्यांवर हे दृश्य आता इतकं नेहमीचं झालंय की गावची मुलं पाहायलाही जात नाहीत. गेल्या मे महिन्यात मात्र मी गेलो. पांढरी मोठी गाडी, मागची दोन चाकं वाळूत अर्धी रुतलेली. ओहोटीला वाळू घट्ट होती म्हणून खाली उतरवली होती. मालक चाकाखाली पायपुसणी घालत होता, बायको दोन मुलांना धरून लांब उभी. काका काठी टेकत गेले.

"काका, पाणी वाढतंय का हो?"

"पाणी वाढत नाही, भरती लागलीय. अजून पाऊण तास आहे तुमच्याकडे."

माणूस बिचारा घाबरला. ट्रॅक्टर आला, दोर लागला, गाडी निघाली, दोन हजार रुपये हातावर पडले. गाडी वाळूत घालू नका असे फलक आहेत, पोलीस गुन्हेही दाखल करतात. पण आपण हसतो ते गाडीवाल्याला, आणि नुकसान दुसरीकडेच झालेलं असतं. चाकांनी दाबलेल्या वाळूत खेकड्यांची बिळं बुजतात, आणि कासवाचं घरटं असेल तर ते.

ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यापासून आपल्या किनाऱ्यांवर अंडी घालतात, पिल्लं उन्हाळ्यात बाहेर पडतात. पिल्लू बिळातून वर येतं आणि जिकडे उजेड तिकडे चालू लागतं. लाखो वर्षं तो उजेड समुद्रावरचा होता. आता हॉटेलच्या दिव्यांचा असतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासमध्ये २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर ही घरटी राखायला सुरुवात केली, आणि पुढे पिल्लं समुद्रात जाताना पाहायला लोक येऊ लागले. वेळासची व्यवस्था मला आवडते ती साधेपणासाठी. पाहुणे गावकऱ्यांच्या घरात उतरतात, घरात शिजतं ते जेवतात, किनाऱ्यावर दोरीच्या मागे उभे राहतात. जेवढी घरं तेवढेच पाहुणे, त्यामुळे माप आपोआप ठरतं. आणि हंगाम मे महिन्याच्या आधी सुरू होतो, विहिरीत पाणी असताना.

धारणक्षमता हा शब्द अहवालांत फार येतो. एखाद्या जागेला किती माणसं झेपतात, तो आकडा. लोक तो किनाऱ्याची लांबी-रुंदी मोजून काढू पाहतात. पण साखळी जिथे कच्ची तिथे तुटते. आमच्या वाळूवर पाच हजार माणसं आरामात मावतील. विहिरीला चारशेही जड जातात. म्हणून मोजायचं ते विहिरीवर, शौचटाकीवर, गाड्या अडकतात त्या गल्लीच्या तोंडाशी, आणि मे महिन्यात. वर्षाची सरासरी काढून नाही.

मोजलं तर काय करता येईल, हे गावाला कळत नाही असं नाही. काही ग्रामपंचायती गाड्यांकडून स्वच्छता कर घेतात. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवलं तर मेपर्यंत पुरत नाही, पण त्या पाण्याने विहिरीचं पुनर्भरण होतं. पाहुण्यांना पावसाळ्यात, गणपतीनंतर, थंडीत बोलावता येतं; समुद्रात उतरता येणार नाही त्या महिन्यांत भातखाचरं आहेत, धबधबे आहेत, जाखडीचा नाच आहे. फक्त ते विकायला वेळ लागतो, आणि मे महिना आपोआप विकला जातो.

निघायच्या आदल्या रात्री भावाने कागद दाखवला. पाचव्या आणि सहाव्या खोलीचा नकाशा, अंगणातल्या पोफळीच्या जागेवर. कर्ज मंजूर झालंय म्हणाला. काकूने चष्मा लावून नकाशा पाहिला, दोन्ही बाथरूमवर बोट ठेवलं आणि विचारलं, "आणि पाणी?"

"टँकरवाल्याशी बोललोय. रोजचा लावू."

काका काही बोलले नाहीत. सकाळी मी बॅग गाडीत टाकत होतो तेव्हा ते विहिरीच्या कठड्यावर बसून दोराला पुढची एक गाठ मारत होते.